चारशे संदर्भांचा निबंध

फ्लास्क लालच होता.

मी तो शेकरवरून, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावरून, उचलून खिडकीपाशी नेला आणि उन्हात धरला. उन्हात तरी फिका दिसेल अशी वेडी आशा. पण कुठलं काय! सोलापुरी चादरीच्या काठाला असतो तसा पक्का, मख्ख लाल. मागून निटुरे सरांच्या चपला वाजल्या तरी मी तो खाली ठेवला नाही. लपवून उपयोग काय होता?

"काय म्हणतंय?" सरांनी विचारलं.

"लाल आहे सर."

"आजबी?"

"आजबी."

निटुरे सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मूळचे उदगीरकडचे. मनाने वाईट माणूस नव्हता, पण वैतागला की चष्मा कपाळावर चढवून समोरच्याकडे असं बघायचा, की आपण मुद्दामच काहीतरी बिघडवून ठेवलंय असं वाटावं.

"उबाळे, मला एक सांग," चष्मा चढवून ते म्हणाले, "चारशे लोकांनी ज्याचा दाखला दिलाय ते काम सगळ्या जगाला जमायलंय, अन् तुलाच कसं जमेना?"

"चारशे जणांनी करून बघितलंय का सर?"

"मग काय उगंच लिहायलेत लोक?"

बोलून बोलून माझं तोंड दुखलं होतं.

ज्या कामाबद्दल हे चाललं होतं ते डॉ. अच्युत रिसबूड यांचं. मिरजेजवळच्या एका संशोधन संस्थेत ते होते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून जे लाल सांडपाणी नाल्यात सोडलं जातं, त्यातला रंग फोडून खाणारा एक जंतू त्यांनी शोधला होता. एकच जंतू, एकट्याने, लाल पाणी दोन दिवसांत स्वच्छ करतो, असा त्यांचा शोधनिबंध. आमच्या व्यवसायात माणसाची उंची सायटेशनवर मोजतात. म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या लेखात तुमच्या निबंधाचा संदर्भ दिला, की तुमच्या नावावर एक जमा. रिसबूडांचे इतर निबंध बरे होते, पण हा एकटा चारशेच्या वर गेलेला. त्याच्या जोरावर ते समित्यांवर होते, परिषदांच्या व्यासपीठांवर होते आणि आमच्या विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यक्रमातही होते.

माझा विषय असा, की तो जंतू घेऊन आपल्याकडच्या छोट्या रंगशाळांसाठी सांडपाण्याची एक साधी टाकी तयार करायची. त्यासाठी आधी रिसबूडांचा प्रयोग आपल्याकडे जसाच्या तसा करून घ्यायचा. पहिली पायरी. या पहिल्या पायरीवर मी तीन वर्षं उभी होते. शास्त्रज्ञ आपले जंतू ठेवायला देतात त्या जंतुसंग्रहातून रिसबूडांचा तोच जंतू मागवला होता, तोच रंग होता, तेच तापमान होतं. जंतू थोडा वाढायचा, रंग किंचित फिका पडायचा आणि मग सगळं थांबायचं. जंतू मरून तळाला बसायचे आणि वर लाल पाणी मजेत राहायचं.

"तुझ्या हातात स्वच्छता नाही," सरांचं निदान ठरलेलं होतं. "भेसळ होत असंल. आणखी शुद्ध कर."

मी शुद्ध करायची. प्लेटवर तार ओढून जंतूंच्या वेगळ्या वसाहती वाढवायच्या, त्यातली एक उचलायची, पुन्हा ओढायची, पुन्हा एक उचलायची. मायक्रोस्कोपखाली एकसारख्या काड्यांशिवाय दुसरं काही दिसेना इतकं माझं कल्चर, म्हणजे वाढवलेल्या जंतूंचं पाणी, शुद्ध झालं होतं. आणि जितकं शुद्ध करावं तितकं पाणी अधिकच लाल राहत होतं. घरी आई फोनवर विचारायची, "संपत आलं का गं?" काय सांगणार तिला? रिसबूडांना मी पत्रं पाठवली, ईमेल पाठवले. उत्तर नाही. शेवटी एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सरळ त्यांच्या संस्थेत फोन लावला.

त्यांनी स्वतःच उचलला. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"आमच्याकडे तर होतं बुवा," ते म्हणाले. "अगदी आजही होतं. तुम्ही असं करा, इकडे या. डोळ्यांनी बघा म्हणजे समाधान होईल."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. आपलं म्हणणं खोटं ठरू शकतं ही शंकाच ज्याला कधी शिवलेली नाही, अशा माणसाचा तो प्रसन्न आवाज होता.

निटुरे सरांनी एका अटीवर परवानगी दिली. "तिथं जाऊन वाद घालायचा नाही. शिकायला चाललीस. आपलं अनुदानाचं पुढचं प्रपोजल त्यांच्याच समितीपुढं जाणार आहे, ध्यानात ठेव."

सकाळच्या गाडीने मी मिरजेला उतरले. बर्फाच्या डब्यात माझं तीन वर्षांचं शुद्ध कल्चर होतं. न्यायला रिसबूडांची विद्यार्थिनी यास्मिन मुजावर आली होती. माझ्याच वयाची, स्कूटरवर बसल्या बसल्या पहिली ओळख करून घेणारी.

"तुझंच ना ते, न जमणारं?" ती म्हणाली.

"माझंच."

"आमच्याकडे राहा. अम्मीला सांगितलंय. संस्थेच्या गेस्ट हाउसात ढेकूण आहेत."

रिसबूड सर उंच, सडसडीत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी आपल्या हाताने चहा ओतून दिला, माझं गाव विचारलं, आणि मग लाल पाण्याच्या फ्लास्कमध्ये यास्मिनला कल्चर टाकायला सांगितलं. शेजारी दुसरा फ्लास्क, त्यात माझं. दोन्ही एकाच शेकरवर.

दोन दिवसांनी त्यांचा फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ होता. माझा लाल.

"झालं समाधान?" सर हसून म्हणाले. "निबंध बरोबर आहे. दोष हाताचा आहे. असू द्या, होतं असं. यास्मिनकडून पद्धत नीट शिकून घ्या."

पाठीवर थोपटून ते गेले. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. रडू आलं असतं तर मोकळी झाले असते; पण मला चीड आली होती, आणि ती कुणावर काढावी तेच कळत नव्हतं. डोळ्यांसमोर स्वच्छ पाणी होतं. ते काही खोटं बोलत नव्हतं.

"मला पद्धत दाखव," मी यास्मिनला म्हटलं. "पहिल्यापासून. तुम्ही हे कल्चर जिवंत कसं ठेवता?"

"कसं म्हणजे? या फ्लास्कातलं थोडं त्या फ्लास्कात. मग त्यातलं पुढच्या."

"प्लेटवर ओढत नाही?"

"कशाला? चाललंय ना. विरजणासारखं लावायचं. सर पहिल्यापासून असंच करतात."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" ती म्हणाली.

"विरजणात एकच जंतू असतो का गं?"

यास्मिनने मायक्रोस्कोपवरचं कापड काढलं.

त्यांच्या कल्चरचा थेंब काचेवर घेऊन आम्ही आळीपाळीने पाहिला. माझ्या ओळखीच्या काड्या होत्याच. पण काड्यांच्या भोवती, त्यांना चिकटून, बारीक बारीक ठिपके होते. खसखशीच्या दाण्याचाही हजारावा हिस्सा. माझ्या शुद्ध कल्चरमध्ये ते कधीच नव्हते. आम्ही सरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि लगेच काढला.

"कचरा आहे. रंगाचे कण. पहिल्यापासून दिसतात."

"सर, ते हलतायत," यास्मिन म्हणाली.

"पाण्यात सगळंच हलतं." ते घड्याळाकडे बघून निघून गेले.

आम्ही त्यांचं कल्चर प्लेटवर ओढलं. नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी मोठ्या, चिकट वसाहती आल्या. त्याच काड्यांच्या. साधारणपणे या टप्प्यावर वसाहत उचलतात आणि प्लेट फेकून देतात. रिसबूडांनी मूळ जंतू असाच उचलून जंतुसंग्रहात दिला असणार. आम्ही प्लेट फेकली नाही, इनक्युबेटरमध्ये तशीच राहू दिली. मी यास्मिनच्या घरी अम्मीच्या हातचं जेवत होते, तिच्या धाकट्या बहिणीला गणित शिकवत होते, आणि निटुरे सरांच्या फोनला "शिकायलेय सर" एवढंच उत्तर देत होते. आठवडा उलटला तेव्हा मोठ्या वसाहतींच्या मधल्या जागेत, भिंगाखाली धरल्यावरच दिसतील अशा, सुईच्या टोकाएवढ्या वसाहती उगवून आल्या होत्या.

रंगाच्या कणांना पिल्लं होत नसतात.

मग तीन फ्लास्क लावले. एकात माझ्या काड्या, एकात नुसते ठिपके, एकात दोन्ही. ज्या सकाळी ते बघायचे होते त्या सकाळी यास्मिनने स्कूटर भलतीच जोरात हाकली. पहिला लाल. दुसरा लाल. तिसरा स्वच्छ.

माझं शुद्ध कल्चर, जे तीन वर्षं काही करत नव्हतं, त्याला हा बारीक सोबती मिळाल्याबरोबर त्याने सगळा रंग फस्त केला होता. गोष्ट आता सरळ दिसत होती. काडीसारखा जंतू रंग फोडतो, पण फोडल्यावर जे उरतं ते त्याचंच विष. तो बारीक जंतू ते विष खातो, म्हणून मोठा जगतो. वेगळे केले की दोघंही कुचकामी. तीन वर्षं मला भेसळ करणारी म्हणत होते, आणि माझा गुन्हा काय, तर मी भेसळ होऊ दिली नव्हती. मला हसू फुटलं, आणि पाठोपाठ इतका संताप आला की मी टेबलाची कड घट्ट धरली.

"मी सांगते त्यांना," यास्मिन म्हणाली.

"नको. तुला इथंच राहायचंय. मी सांगते."

सर आले. त्यांनी तिन्ही फ्लास्क बघितले, प्लेट भिंगाखाली धरली, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि या वेळी तो बराच वेळ काढला नाही. मी सगळं सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या, मनगटाची बटणं लावली.

"प्लेट माझ्या टेबलावर ठेवा," एवढं म्हणाले आणि खोलीबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते संस्थेत आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. माझी परतीची गाडी होती. स्टेशनवर यास्मिनने अम्मीने दिलेला डबा माझ्या हातात ठेवला. "आता काय होणार?" तिने विचारलं. मला काय ठाऊक! मी दोन्ही जंतूंच्या नळ्या उराशी धरून गाडीत बसले.

निटुरे सरांनी सगळं ऐकलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. आनंद झाला असावा, कारण चष्मा जागेवरच होता. पण तो आनंद फार टिकला नाही.

"प्रबंधात कसं लिहिणारेस?"

"जसं झालं तसं. निबंध चूक आहे. एक जंतू हे करू शकत नाही."

"चूक?" सर दचकून दाराकडे बघायला लागले, जणू रिसबूड बाहेर उभे होते. "अगं बाई, चूक म्हणू नको. 'अपूर्ण' म्हण. 'डॉ. रिसबूड यांच्या निष्कर्षांत काही अंशी भर घालण्याची आवश्यकता आहे' असं म्हण."

"भर नाही सर. त्यांनी लिहिलंय एकटा जंतू. एकटा जंतू करत नाही."

"चारशे लोकांनी…"

"सर, परत चारशे नका काढू!"

हे मी ओरडूनच म्हटलं असावं, कारण बाहेरच्या व्हरांड्यातलं बोलणं थांबलं. सर रागावले नाहीत. थकल्यासारखे दिसले.

"कल्याणी," ते पहिल्यांदाच मला नावाने म्हणाले, "तुझी मुदत संपत आलीय. डिग्री हातात पडू दे. त्याच्यानंतर काय म्हणायचं ते म्हण. मला तुझं वाटोळं झालेलं बघायचं नाही."

मी 'अपूर्ण' लिहिलं. प्रत्येक पानावर, जिथे जिथे 'चूक' होतं तिथे. संगणकाने एका झटक्यात सगळे शब्द बदलले आणि मला दात ओठ खात बसण्यापलीकडे काम उरलं नाही.

त्यानंतर सरांनी जे केलं ते ऐकून मी कपाळ बडवून घेतलं. बाहेरचे परीक्षक म्हणून त्यांनी रिसबूडांचंच नाव सुचवलं होतं. आणि विद्यापीठाने ते मान्य केलं होतं.

"त्यांच्या विषयावर त्यांनाच नाही बोलावलं तर दिसतं कसं?" सर म्हणाले. "अन् 'अपूर्ण' केलंय की आपण. वाईट वाटायचं कारण नाही."

"सर, ते मला नापास करू शकतात."

"नाही करणार. मोठा माणूस हाय."

त्या दिवसापर्यंत रिसबूडांकडून एक ओळ आली नव्हती. यास्मिन फोनवर सांगायची, ते नेहमीसारखेच वागतात, फक्त ती प्लेट अजून त्यांच्या टेबलावर आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मौखिक परीक्षा विभागाच्या मोठ्या खोलीत होती. खुली परीक्षा, म्हणजे कुणीही येऊन बसावं. रिसबूड येणार म्हटल्यावर बसायला जागा नव्हती. मुलं खिडक्यांत बसली होती. टेबलावर पुष्पगुच्छ, शाल, श्रीफळ मांडून ठेवलेलं. ते माझ्यासाठी नव्हतं. माझी आई शेवटच्या रांगेत नवीन लुगडं सावरत बसली होती. रिसबूड सर आले, सत्कार झाला, विभागप्रमुखांनी त्यांची ओळख करून देताना चारशेचा आकडा सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. तो आकडा तोवर साडेचारशेच्या पुढे गेला होता, हे मला माहीत होतं. मी रोज बघत होते.

मी काम सांगितलं. तीन फ्लास्कचं चित्र पडद्यावर आल्यावर खोलीत कुजबुज झाली. मग प्रश्न. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी उभं राहून विचारलं,

"म्हणजे एकंदरीत डॉ. रिसबूडांच्या संशोधनाला तुमच्या कामानं पुष्टी मिळते, असंच ना?"

मी तोंड उघडायच्या आत निटुरे सर म्हणाले, "हो, हो. पुष्टी अन् थोडी भर."

रिसबूड सर समोरच्या खुर्चीत माझा प्रबंध उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पान उलटलं.

"मिस उबाळे," ते म्हणाले, "मला काही विचारायचंय. मोठ्या जंतूला मारणारं ते विष आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? उपासमारही असू शकेल."

मी उत्तर दिलं. विष वेगळं काढून ताज्या कल्चरमध्ये टाकून पाहिलं होतं, त्याचा आलेख दाखवला. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, अवघड आणि नेमके. मी उत्तरं दिली. एकदा माझं चुकलं, त्यांनी दुरुस्त केलं. माझ्या लक्षात आलं, की प्रबंधाची ओळन् ओळ या माणसाने वाचली होती.

"आता शेवटचं," ते म्हणाले. "माझ्या निबंधाबद्दल तुम्ही सगळीकडे 'अपूर्ण' हा शब्द वापरलाय."

निटुरे सरांचा हात चष्म्याकडे गेला.

"हो सर."

"हा शब्द बदलावा लागेल. त्याशिवाय मी सही करणार नाही."

आणखी किती मऊ करायचं? मी म्हणाले, "सर, माफ करा. यापेक्षा सौम्य शब्द मी वापरणार नाही. डिग्री नाही मिळाली तरी चालेल."

"सौम्य?" त्यांनी आता मान वर केली. चेहरा पांढरा पडला होता. "अपूर्ण म्हणजे जेवढं सांगितलं तेवढं बरोबर. मी सांगितलं की एकच जंतू आहे. एकच नाही. त्याला मराठीत अपूर्ण म्हणतात का?"

"नाही सर."

"काय म्हणतात?"

"चूक म्हणतात सर."

"मग चूक लिहा." त्यांनी प्रबंध मिटला. "ते ठिपके मला पहिल्या दिवसापासून दिसत होते. मी त्यांना कचरा म्हणत आलो, कारण एका जंतूची गोष्ट छान होती. ज्यांना माझा प्रयोग जमला नाही, त्यांनी ते कुठे लिहिलं नाही. ज्यांनी माझ्याबद्दल लिहिलं, त्यांनी करून पाहिलं नाही. साडेचारशे लोक माझ्याच शब्दावर बोलत राहिले आणि त्यांची संख्या हा माझा पुरावा झाला." ते रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे वळले. "पुष्टी मिळत नाही, साहेब. उलटं आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विभागप्रमुख शालीची घडी नीट करत बसले. मागच्या रांगेतून आईने मला खुणेने विचारलं, पास झालीस का? मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, माझं मलाच कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात सर एकटे उभे होते तेव्हा मी जवळ गेले.

"सर, त्या दिवसानंतर तुम्ही काहीच कळवलं नाही."

"काय कळवणार? आठ दिवस तुमची चूक शोधत होतो. मग महिनाभर माझी लपवायला जागा शोधत होतो." ते बाहेरच्या मैदानाकडे बघत होते. "शेवटी तुमचा प्रबंध आला. त्यात ते 'अपूर्ण' वाचलं आणि इतकी चीड आली, की म्हटलं, आता जायलाच हवं."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी 'चूक' लिहिलं, पदवी मिळाली, आमचा दोन जंतूंचा निबंध यास्मिनच्या आणि माझ्या नावाने छापून आला. एका रंगशाळेत आमची टाकी चालू आहे, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर मालकाने अळू लावलं आहे. निटुरे सर निवृत्त झाले, भेटले की सगळ्यांना सांगतात, "तिला रिसबूडांकडं मीच पाठवलं होतं." खोटं नाही ते.

रिसबूड सरांनी आपल्या निबंधाला दुरुस्ती जोडायला नियतकालिकाला लिहिलं. संपादकांनी वर्षभर लावलं आणि शेवटी एका कोपऱ्यात दोन ओळींची टीप टाकली, जी शोधून काढायला सूक्ष्मदर्शक लागावा. आणि आकडा वाढतच गेला. पाचशे, सहाशे, सातशे. त्यांना खोडायला आम्ही जो निबंध लिहिला त्यातही त्यांचा संदर्भ द्यावा लागलाच. त्यानेही एकाची भर पडली. सर आता घरीच असतात, हात थरथरतो, पण जिथे कुठे तो जुना निबंध कुणी वापरलेला दिसेल त्या माणसाला ते स्वतः ईमेल लिहितात, की कृपा करून असं करू नका. निम्मे मी लिहिते. उत्तरं फारशी येत नाहीत.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"उबाळे, आज पुन्हा एक सापडला."

"काय म्हणतात?"

"वाचतो. 'रिसबूड यांनी सिद्ध केल्याप्रमाणे, आणि पुढे उबाळे व मुजावर यांनी त्यास पुष्टी दिल्याप्रमाणे, एकच जंतू…'"

"आम्ही पुष्टी दिली?"

"दिलेली दिसतेय."

"सर, शीर्षकातच लिहिलंय हो आमच्या, की एक जंतू पुरत नाही! शीर्षक तरी वाचावं माणसानं!"

"ओरडू नका, मला ऐकू येतं. मी लिहिलं त्यांना. सविस्तर. तुमचा निबंधही जोडला."

"मग? उत्तर आलं?"

"आलं की. लगेच आलं. त्यांनी आभार मानलेत. म्हणतात, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने स्वतःहून लिहिलं हा आमचा सन्मान आहे. आणि पुढच्या लेखातही आपला संदर्भ आवर्जून देऊ."

मी कपाळाला हात लावून बसले. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत होता.

"पत्ता सांगतो, घ्या लिहून," सर म्हणाले. "आता तुम्ही लिहून बघा."